थावर

विजयनगरच्या मागे सोळा मजले उठताहेत,
त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या सात खोल्या.
मी सिमेंटच्या पोत्यावर फॉर्म घेऊन बसलेय,
वारा कागद उलटवतो, पेनाचं टोपण कधीच हरवलंय.

नाव?
थावरी.
गाव?
अलीराजपूरच्या पुढं, बस जाते तिथून पायी.
जन्मतारीख?

आई डोक्यावरच्या विटा न उतरवता सांगते,
थावरला झाली म्हणून थावरी.
थावर म्हणजे शनिवार.
कुठला शनिवार, बाई?
मोह गळत होता तेव्हाचा.

फॉर्मवर आठ चौकोन आहेत.
मोहाचं फूल मावेल असा एकही नाही.

थावरीच्या कडेवर भाऊ, भावाच्या हाती पोह्याचा रिकामा कागद,
तो त्यावरचं जिरावण चाटतोय.
पहाटे ठेल्यावर बशा ही विसळते
आणि कागद त्याच्यासाठी राखून आणते.
नाक्यावरून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली,
ओला वेगळा, सुका वेगळा,
या शहरात सगळ्याचा हिशेब लागतो.

शेवटी मी लिहिलं
एक जुलै दोन हजार पंधरा.
शाळेत अशा सगळ्यांची एक जुलैच असते.

त्या दिवशी थावर होता? तिनं विचारलं.

मोबाइलमध्ये मागं मागं सरकत गेले.
बुधवार निघाला.

मग मी बुधली का?

भावाला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं
आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.