माहिती अपुरी

पोवई नाक्याच्या चढाला, मुबीन मुलाणीच्या झेरॉक्स दुकानात
शटर अर्धं खाली ओढल्यावर
आम्ही डोंगर पसरतो.
नऊ कागद, मागून चिकटपट्टी,
एक जोड बोटभर सरकलेला,
तिथं हिमनदी तुटते आणि शेजारच्या कागदावर पुन्हा सुरू होते.
‘तेवढं समजून घ्या,’ मुबीन म्हणतो,
‘मशीन जुनं आहे. डोंगर बरोबर आहे.’

दिवसा मी कोरेगावच्या शिवारात मोजणी करतो.
लोक चहा देतात, निकाल विरुद्ध गेला की शिव्या.
अर्ध्या गुंठ्यासाठी सख्खे भाऊ बांधावर
पाय रोवून उभे राहतात तेव्हा
मला रात्रीचा तो पांढरा तुकडा आठवतो:
चाळीस चौरस किलोमीटर,
ना गट नंबर, ना सातबारा.
उंचीच्या रेषा त्याच्या काठापर्यंत येतात
आणि थबकतात,
म्हैस अनोळखी पाण्यापाशी थबकते तशा.
कडेला बारीक अक्षरात: माहिती अपुरी.

उपग्रहाचं चित्र आहे, पण चित्रात सावली आहे.
उत्तम सपकाळ डाव्या हाताची तीन बोटं सावलीवर ठेवतो.
दोन तो मागच्या खेपेला तिकडंच ठेवून आला.
‘ही सावली कंच्या महिन्यातली?’
ऑक्टोबर.
‘मग आत भिंत असंल. जूनमधी ऊन लागलं
की भिंतीवरनं दगड सुटत्यात. आकराला.
घड्याळ लावून घ्यावं.’

तिथल्या जागांना नावं नाहीत.
‘हे’, ‘ते’, ‘ते नव्हं, त्याच्या वरचं’
करता करता दोन रात्री भांडणात गेल्या.
तिसऱ्या रात्री वैजयंतानं पेन्सिल घेतली.
दोन हिमनद्या मिळतात, तो पोवई नाका.
सपाटी, जवळ पाणी, तंबूला जागा: कास.
वळत वळत चढणारी घळ, यवतेश्वराचा घाट.
आणि मधला नाला, जो सकाळी नऊच्या आत ओलांडायचा,
त्याला तिनं कलेक्टर कचेरी म्हटलं,
दुपारनंतर तिथं कुणाचं काम होत नाही.

आता आमचं बोलणं बाहेरच्याला कळत नाही.
‘पोवई नाक्यावरून कासला तीन दिवस धरू.’
चहाचे ग्लास न्यायला आलेलं पोरगं
आमच्याकडं कीव आल्यासारखं बघतं.
‘यष्टीनं जावा की, काका.’

रॉकेल मोजलं. दोर मोजला. शेंगदाण्याचा कूट, सातू.
कंदी पेढे न्यायचे की नाही यावर उत्तम म्हणाला,
वीस हजार फुटांवर पेढ्याचा दगड होतो,
गालात धरून झोपायचं, सकाळपर्यंत पुरतो.

मग वैजयंता,
जी सिव्हिलमध्ये रात्रपाळ्या करते
आणि श्वास मोजणं जिचं रोजचं काम आहे,
औषधांची यादी घडी घालत म्हणाली,
‘परत कुठून फिरायचं?’

झेरॉक्स मशीन उगाच गुरगुरलं.

‘चढायची रेघ सगळेच काढतात.
उतरायचीही इथंच काढा, पंख्याखाली,
पोट भरलेलं असताना.
वर डोकं आपलं राहत नाही.’

उत्तम हाताकडं बघत होता.
बऱ्याच वेळानं बोलला, ‘दोन वाजता.
जिथं असू तिथनं. शिखर हाताला लागत असलं तरी.’

मी पांढऱ्याच्या काठावर फुली मारली.
नोकरीत एवढं शिकलोय,
हद्द सगळ्यांसमोर ठरवावी आणि सह्या घ्याव्यात.
चौघांनी केल्या.
मुबीननंही, ज्याला दमा आहे, जो येणार नाही,
ज्याच्या फोनवर आमचा शेवटचा निरोप येईल
किंवा येणार नाही.

फुलीच्या पुढं एक खिंड असावी.
वैजयंताची पेन्सिल तिच्यावर थोडा वेळ थांबली,
नाव काही सुचलं नाही, की ठेवावंसं वाटलं नाही.
पेन्सिल तिनं कानामागं खोचली.

नकाशा गुंडाळून प्लास्टिकच्या पाइपात.
शटर वर. अजिंक्यताऱ्यावर टॉवरचा लाल दिवा.
सकाळी आठला ल्हासुर्णे,
दोघे भाऊ, एक बांध, अर्धा गुंठा,
आणि माझ्या बोटाला अजून शिसं.