आयत्या वेळचा विषय

सभा शाळेच्या व्यायामशाळेत.
बास्केटबॉलच्या जाळीखाली पडदा, पडद्यावर नकाशा,
नकाशात एक निळा चौकोन:
जलपुनर्प्रक्रिया केंद्र, नियोजित,
जुन्या मासळीभुकटीच्या कारखान्याची जागा.
हजर एकशे बारा. मीच मोजले.
एकोणीस वर्षं कालेता व्हिएहाच्या नगरपालिकेत
मी इतिवृत्तं लिहिते.
खोकणं, रडणं, खुर्ची सरकवून उठून जाणं
त्यात धरत नाहीत.

इंजिनिअर नोएलिया बारासा अंतोफागास्ताहून आलेली,
बुटांवर वाळवंटाची धूळ, बोलण्यात घाई नाही.
म्हणाली, पाणी येतं ते डोंगरातून,
तीनशे किलोमीटर पाइपातून, दिवसाआड.
आपण त्यात भांडी घासतो, पोरं न्हाऊ घालतो,
आणि एका दमात समुद्रात लोटून देतो.
रोजचे नऊ लाख लिटर.
मग पिशवीतून बाटली काढली, ग्लास भरला,
दुसऱ्या गावच्या केंद्रातलं हे, म्हणाली,
आणि प्यायली, अर्धा.
उरलेला अर्धा टेबलावर राहिला.
एकशे बारा माणसं त्याच्याकडे बघत होती,
जणू ग्लासच आता काहीतरी बोलेल.

वेन्सेस्लाओ उठला, शेवाळ वेचणारा,
हात खारानं उललेले.
कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणाला,
आणि या गावात पाणी मुरायला
मऊ जमीन नाही, फक्त खाण आहे.
किती जाणार वर, तांब्याच्या खाणीला?
चाळीस टक्के, नोएलिया म्हणाली. लपवलं नाही.
त्यावर जो गलका झाला
त्याची मी एक ओळ केली:
‘सदस्यांनी सविस्तर चर्चा केली.’

नऊ वाजले. खिडक्यांवर धुकं टेकलं,
आमचं कामांचाका,
जे कपडे वाळू देत नाही आणि तहान भागवत नाही.
महापौरांनी घड्याळ पाहिलं,
विचारलं, आयत्या वेळचा काही विषय?

तेव्हा एदुविहिस ताबिलो बोलली, बसूनच,
गुडघे धरले होते म्हणून.
माझा नवरा तुमच्या गटारांत उतरायचा.
सव्वीस वर्षं रोज रात्री
मी त्याचे हात लिंबानं धुतले,
वास नखांतून जायचा नाही.
ते पाणी त्याच नळातून गेलं.
मेला तेव्हाही शेवटचं मीच धुतलं त्याला,
बादलीभर कोमट पाण्यानं.
तेही गेलं.
तुमच्या यंत्रातून ते परत यायचं का?

नोएलियानं पडद्यावरची पुढची चित्रं
बोटानं मागे-पुढे केली. मग रिमोट खाली ठेवला.
नाही, सेन्योरा. ते समुद्रात पोचलं.
इथे येईल ते उद्यापासूनचं.

म्हणजे उशीर केलात,
एदुविहिस म्हणाली, आणि शाल घट्ट केली.

मी लिहिलं: ‘श्रीमती ताबिलो यांनी
प्रकल्पाच्या विलंबाबद्दल नाराजी व्यक्त केली.’
खोटं नाही ते. पण आयुष्यभर आपण
कशाकशावर पाणी सोडतो,
आणि एक दिवस कुणी नकाशा घेऊन येतं, म्हणतं
सोडलेल्यातलं बाकी काही नाही,
पाणी तेवढं परत मिळेल,
याला कुठलं कलम लावायचं?

बाजूनं एकसष्ट, विरोधात एकोणपन्नास.
दोघांनी हात वर केला नाही:
एक एदुविहिस. दुसरा वेन्सेस्लाओ,
जो तिला घरी सोडायला निघाला होता.

खुर्च्या मिटून झाल्यावर तो ग्लास माझ्याकडे आला,
धुवायला, कारण भांडी शाळेची.
सांडायचा तर कुठे सांडायचा, हात अडला.
प्यायले.
चव अशी काही नव्हती.
थोडं थंड, थोडं काचेचं.

घरी जाताना नळाच्या तोंडाशी थांबले.
अंधारात पेलिकन बसलेले, रांगेनं, खडकावर,
तिथे पाणी जरा कोमट असतं
आणि मासे वर येतात.
त्यांना कुणी नोटीस पाठवली नव्हती.
मी सवयीनं मोजायला लागले,
तेवीसपर्यंत आले, मग धुकं.