वर कात, खाली चुना

शिवडीच्या गोदामात बाटल्यांच्या पाठीवर
मी पत्ता चिकटवते. आयातदार, कमाल किंमत,
मद्यपान आरोग्यास हानिकारक.
दिवसाला अकराशे. रेमेडियाचे तेराशे,
तिची नखं चांगली आहेत.

पुढचं लेबल माझं नाही.
त्यावर छापूनच येतं: कुनावारा.
मी बरेच दिवस ‘कुणा वारा’ असं वाचत होते.
केरसी तारापोर नमुने काढायला आले तेव्हा म्हणाले,
चुकली नाहीस. दक्षिणेचा समुद्र गार,
तिकडून वारा सुटतो, द्राक्षं सावकाश पिकतात.
घाईनं नुसता गोडवा येतो.

आणि माती?
त्यांनी पान उलगडावं तसा हात उघडला:
वर कात, खाली चुना.
हातभर लाल, त्याखाली पांढरा दगड,
कधीकाळचा समुद्राचा तळ.
कुंपणापलीकडे माती काळी,
तिथली बाटली तेवढा भाव खात नाही.

बरोसाचे खोके जड. तिथे ऊन,
वेली दीडशे वर्षांच्या, मांडीएवढ्या,
मुळांना कीड लागू नये म्हणून पाहुण्यांना
शेताच्या तोंडाशी बूट धुवायला लावतात.
हंटरला ऐन तोडणीत पाऊस गाठतो,
म्हणून आंबट असतानाच तोडतात
आणि दहा वर्षं अंधारात ठेवतात.
मग मधासारखी लागते म्हणे.

मला सतराव्या वर्षी तोडली.
अंधार मिळाला, वर्षंही मिळाली.
पुढचं रेमेडियाला विचारा.

काल एका पॅलेटच्या फटीत लाल ढेकूळ सापडलं,
सुपारीएवढं.
नियम आहे, कळवलं.
हातमोजे घातलेले दोघे आले,
पिशवीत घालून, सही घेऊन, जाळायला घेऊन गेले.
परक्या मातीत काय असेल सांगता येत नाही.

आणि आपल्या?
गोदामाखाली सगळा भराव:
फुटक्या विटा, भट्टीची राख, कुणाच्या तरी न्हाणीची फरशी,
तळाशी खाडीचा चिखल.
इथे वेल लावली तर, मी विचारलं.
केरसी बराच वेळ बाटली उजेडात धरून होते.
मीठ लागेल, म्हणाले. मीठ आणि गंज.
पण कुठली आहे ते डोळे मिटून ओळखता येईल.

रात्री आमटीभात कालवताना दिसलं,
अंगठ्याच्या नखात लाल रेघ राहिली होती.
धुवायला हवी होती.
घास घेतला.
चव आमटीचीच होती.