एकतिसावी

पहाटे चारला बाबा डायनरची शेगडी पेटवायचे
तेव्हा मी लोवेलच्या रिंकवर
बुटांच्या नाड्या आवळत असायचे.
बर्फ सपाट करणाऱ्या यंत्रावर ड्वेन पेंगत.

खेळले ग्रीसकडून.
बाबांच्या बेटावर बर्फ असायचा
तो मासळीखाली.
पाठीवर देशाचं नाव पोलिक्सेनी आत्यानं शिवलं,
शेवटचं अक्षर किंचित तिरकं.

तालिनला निवेदक माझ्या आडनावात मध्येच अडखळला.
तिसऱ्या उडीला मी पडले,
आधी ढोपर, मग तळवा.
उठले. संगीत पुढे निघून गेलं होतं,
त्याला गाठायला अर्धं वळण गाळलं.

पुढच्या फेरीत चोवीस जणी.
मी एकतिसावी.

रात्री फोनवर बाबांनी एवढंच विचारलं,
"बर्फ कसा होता?"
"कडक. चांगला होता."
पलीकडे कुणाची तरी अंडी तडतडत होती.
बराच वेळ
कुणीच फोन ठेवला नाही.