खडूची रेघ

टायरवर खडूची रेघ ओढायची,
दोन तासांनी परत यायचं.
रेघ जागची हलली नसेल तर पावती फाडायची.
सतरा वर्षं एवढंच करत आले,
सरोवरावरून येणारा वारा कानात घेत.
सरोवर कसलं, समुद्रच तो,
फक्त मीठ विसरलेला.

पूर्वी तासाला पंचवीस सेंट.
मीटरसुद्धा ओळखीचे असायचे.
बेकरीसमोरचा नाणं गिळून गप्प बसायचा,
पोटात गुद्दा घातला की ढेकर देऊन
चाळीस मिनिटं द्यायचा.
लायब्ररीजवळचा उदार, एका नाण्यात दोन तास.
हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं,
नगरपालिका सोडून.

आता तासाला साडेतीन डॉलर.
मीटर उपटले, खड्ड्यांत सिमेंट भरलं.
कोपऱ्यावर एक खांब, खांबावर एक क्रमांक,
तो आपल्या मोबाइलला सांगायचा.
परवा एलमा सारकोला त्या खांबासमोर उभी होती,
वय एक्याऐंशी, हातमोजा काढून
तळहातावर नाणी लावलेली.
"घालू कुठं गं?" म्हणाली.
मला भागाकार हिनंच शिकवला, चौथीत.
मी खांबाभोवती एक चक्कर मारली,
जणू मलाही माहीत नव्हतं
की त्याला फट नाही.

कागद गिरणीतून निवृत्त झालेले सहाजण
दर मंगळवारी खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे.
कॉफी पावणेदोन डॉलरची,
गाडी उभी करायचे सात.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
सहाचे चार झाले, चाराचे दोन,
मग आर्वो लाहती एकटाच,
आणि तोही हायवेवरच्या मॉलमध्ये,
जिथं पार्किंग फुकट आहे
आणि खिडकी नाही.

ओरिसियाच्या पार्लरमधून बायका
डोक्यावर चांदीचे कागद तसेच ठेवून धावत सुटतात,
गाडी पलीकडच्या फुटपाथला लावून
धापा टाकत परततात.
डार्सी त्याच खिडकीशी ताटं उचलते.
आठ तासांत गाडी तीनदा हलवायची,
एकदा चुकली की दिवसभराची टीप गेली.
तिची पहिली पावती माझ्याच अक्षरात आहे.
तिनं ती गल्ल्यामागे चिकटवली आहे.
मी आता डबा घरून नेते.

जागा मोकळ्या राहायला हव्यात,
असं सभेत ठरलं होतं.
राहिल्या.
चांभाराच्या दुकानासमोर तीन, मग दुकानही मोकळं.
वाचनकट्ट्याची पोरं येईनात तेव्हा लायब्ररीसमोर पाच.
जमलेल्या पैशातून पार्किंगची इमारत उभी केली, पाच मजली.
वरच्या मजल्यावर सीगल उतरतात,
हवे तितके तास.

आर्वो गेला फेब्रुवारीत.
शववाहिनीला सूट आहे, नियमात तशी ओळ आहे.
खांदा देणाऱ्यांबद्दल ओळ नाही.
चर्चबाहेर एकोणीस गाड्या,
मी एकोणीस रेघा ओढल्या आणि थांबले.
फिनिश माणसं मोजकं बोलतात म्हणे.
त्या दिवशी बोलतच राहिली,
गिरणीतल्या भोंग्याबद्दल, मासेमारीच्या भोकाबद्दल,
त्या खिडकीबद्दल.
दोन तास झाले. वर वीस मिनिटं झाली.
दारातून एलमा बाहेर आली,
माझ्याकडे बघितलं, पावतीपुस्तकाकडे बघितलं,
आणि कोटाचं वरचं बटण लावत राहिली.

पेनातली शाई गोठली होती,
असं मी अहवालात लिहिलं.

साहेबांनी तो दोनदा वाचला.
त्या दिवशी तापमान शून्याच्या वर चार होतं, म्हणाले.
आणि हा अहवाल कशानं लिहिलास?

खडूनं, म्हटलं.