थोटूक

रुवैसला रात्री अकरा वाजता लोखंड हाताला लागतं
ताप उतरू लागलेल्या पोराच्या कपाळासारखं.
दिवसा ते हातच लावू देत नाही.

सहा इंची पाइप, पंचेचाळीस अंशात कललेला,
आणि समुद्राकडून वारा.
वारा गॅसचा पदर उचलतो, धातू उघडा पडतो,
म्हणून रोडेलनं फायर ब्लँकेटचा तंबू ठोकलाय:
चार चिमटे, मचाणाची एक तुटकी क्लिप.
आत मी, टॉर्च,
आणि माझा घाम, ज्याला पडायची परवानगी नाही.

पाइपाच्या पोटात दोन्हीकडे कागदाचे बांध,
पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचे.
मधल्या पोकळीत आर्गॉन सोडायचा, हवा हाकलायची,
मीटर शून्याजवळ येईस्तोवर थांबायचं.
थांबणं हे निम्मं काम.
त्याचे पैसे कुणी वेगळे देत नाही.

मग आर्क.

साधं स्टील बोलघेवडं, जरा ऊब मिळाली की आपणहून सरकतं.
निकेल तसं नाही.
घट्ट झालेली आंबील पळीवरून उतरताना विचार करते
तसा हा थेंब.
ठेवाल तिथेच बसतो, कडेपर्यंत जात नाही,
बोट धरून न्यावा लागतो.
लोट्याच्या शेडमध्ये अब्बास परकार म्हणाले होते,
"ह्याला ढकलू नको रे, ऐकायचं नाही. तूच तिथं जा."
मी हसलो होतो.
त्यांनी माझे एकोणीस जोड कापून भंगारात टाकले.

टिपका, उचल. टिपका, उचल.
तारेचं टोक गॅसबाहेर गेलं की काळं पडतं;
काळं टोक तोडायचं, पुन्हा सुरू.
खालच्या बाजूला डोकं शिरत नाही, तिथं आरसा लावलाय,
त्यात माझा उजवा हात दुसऱ्याच कुणाचा तरी डावा आहे
आणि तो माझ्याहून सावकाश काम करतो.

प्रत्येक थरानंतर दीडशेचा खडू ओढायचा.
वितळला तर बसा.
वितळला. बसलो.
रोडेलनं सुकवलेला आंबा काढला, मी काही काढलं नाही.

हा शेवटचा जोड. लाइन इथं बंद होते,
ह्याला पाण्याची चाचणी नाही,
नुसता एक्स-रे, आणि वेल्डरचा शब्द.
कागदोपत्री म्हणतात गोल्डन जॉइंट.
सोनं कसलं!
गॅस नीट बसला तर गवताचा फिकट रंग येतो, तेवढाच.

एक सांगतो.
गेल्या सुट्टीत ह्या तारेचं वीतभर थोटूक
मी बुटात घालून आंजर्ल्याला नेलं.
पंपाच्या पेटीची कडी दर वर्षी खाऱ्या वाऱ्यानं खाल्ली जायची.
थोटूक वाकवून कडी केली.
सुलभावहिनी म्हणाली, "पितळ नव्हे हे. चांदी की काय?"
म्हटलं, चोरीची आहे.
ती हसली. तिला वाटलं मी हसवतोय.

दोन पावसाळे झाले.
फोनवर विचारतो, कडी कशी आहे?
भाऊ वैतागतो: "तुला कडीचं काय पडलंय? आईची चौकशी कर.
आणि फाटकाची कडी गेली, ती कोण बघणार?"

पहाटे हिशामसाहेबांनी फिल्म उजेडावर धरली.
काळ्यात एक करडी पट्टी, कडा शांत.
आतून माझं काम मला एवढंच दिसतं, ते पण दुसऱ्याच्या हातात.
"पाश्ते. ओके."
मी खडूनं आकडा टाकला, एकशे चौदा.
उद्या लॅगिंगवाले येतील, पत्रा गुंडाळतील.
लाइन धुतली की आतले कागद विरघळून जातील,
बांध घातला होता ह्याची खूणसुद्धा राहणार नाही.

स्टोअरच्या खिडकीत बिजुमोन थोटकं मोजतो.
एक डबा तार म्हणजे माझे पंधरा दिवस,
म्हणून दोनदा मोजतो.
त्रेचाळीस. वहीत चव्वेचाळीस.
वर बघतो माझ्याकडे.
मी सगळे खिसे उलटे करून दाखवतो.
बूट काढायला तो सांगत नाही.