काना, मात्रा

कुवांदिकचं वजन पन्नास किलो.
पंधरा गुणिले पन्नास, साडेसातशे.
अमिकासिनची एक कुपी पुरी, दुसरीतली अर्धी,
मिळून तीन मिली, सकाळी आठला,
एकदा उजव्या कुल्ल्यावर, एकदा डाव्या.
चिंबायच्या क्षय इस्पितळात
दर सोमवारी मी त्याला काट्यावर उभा करते.
वजन हललं की वहीत मात्रा हलते.
एरवी काना-मात्रेचाही फरक करायचा नाही.

डॉक्टर गेंजेबाय सांगतात :
शिखर उंच हवं, तिथं जंतू मरतात.
आणि दरी कोरडी हवी,
पुढच्या सुईआधी रक्त रिकामं,
म्हणजे मूत्रपिंडांना उसंत मिळते,
आणि कानांना.

कान तपासायचं यंत्र मार्चपासून बंद आहे.
सुटा भाग ताश्कंदहून निघालाय म्हणे.
तोवर मीच त्याच्या पाठीमागे उभी राहून
कुजबुजते : साठ. सोळा. सात.
तो म्हणतो : साठ, सोळा, सात.
मी वहीत लिहिते : ठीक.

जूनमधली संध्याकाळ.
व्हरांड्यात बाकावर बसून तो म्हणाला,
यंदा डास नाहीत, बघ.
नदी गेली, मासे गेले,
आता डासही गेले. बरंच झालं.

मी त्याच्या हातांकडे पाहिलं.
मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी.
एक डास तर आत्ताच
त्याच्या कानाच्या पाळीजवळ गुणगुणत होता,
मला तीन हातांवर ऐकू येत होता,
आणि हा कालव्याकाठच्या चिनारांकडे बघत
शांत बसलेला.

आधी बारीक आवाज जातात.
डास, किटलीची शिटी, नातीचं किंचाळणं.
कुजबुज बरीच नंतर.
हे मला पाठ होतं.
परीक्षेत लिहिलंही होतं.

रात्री डॉक्टरांना फोन केला.
थुंकी दोनच महिने स्वच्छ आलीय, ते म्हणाले.
मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.
मग : आठवड्यातून तीनदा. आणि रक्त पाठव.

सकाळी मी त्याच्या समोर बसले, पाठीमागे नाही,
आणि सगळं सांगितलं.
तो माझ्या ओठांकडे बघत होता.
कधीपासून बघत असेल?

म्हणजे डास आहेत?
आहेत.
खूप?
खूप.
मग पाणीही असेल कुठंतरी, तो म्हणाला,
आणि सवयीनं कुशीवर वळला, सुईसाठी.

आज नाही, मी मोठ्यानं म्हटलं.
बुधवारी.